घोरणाऱ्या मुलासाठी ‘जबडा ट्रेनर’ घ्यावा का? सांगली-मिरजेतल्या पालकांसाठी सविस्तर रिव्ह्यू

मऊ सिलिकॉनचा, वरचे आणि खालचे दात एकदम बसतील अशा दोन खाचांचा हा अर्धगोल तुकडा सध्या बऱ्याच घरांत दिसू लागला आहे. सांगली-मिरजेत दातांच्या काही दवाखान्यांत तो मिळतो, मोबाइलवरून मागवला तर काही शे रुपयांत घरपोच येतो. जाहिरातीत तीन गोष्टी हमखास लिहिलेल्या असतात: मुलाचं घोरणं थांबतं, तोंड मिटतं आणि जबडा ‘नैसर्गिकरीत्या’ वाढतो. यातली मधली गोष्ट बऱ्याच अंशी खरी होऊ शकते. तिसरी थोडीफार. पहिलीच्या भरवशावर मात्र पैसे खर्च करू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूल घोरतं ते बहुतेक वेळा नाकामागच्या आणि घशातल्या अडथळ्यामुळे, आणि दातांवर बसणारी वस्तू त्या अडथळ्यापर्यंत पोचतच नाही.

वस्तू वाईट नाही. ती चुकीच्या मुलाला आणि चुकीच्या वेळी दिली जाते, ही खरी तक्रार आहे. म्हणून आधी घोरण्याचा आणि चेहऱ्याचा संबंध नीट समजून घ्यावा लागेल.

नाकामागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ प्रत्येक मुलात असते. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात ती जागेच्या मानाने सर्वांत मोठी असते आणि पुढे वयात येताना आकसते. ती मोठी असली, टॉन्सिल सुजलेले असले किंवा अ‍ॅलर्जीने नाक कायम चोंदलेलं असलं की मूल तोंडाने श्वास घेतं. तोंड उघडं राहिलं की जीभ टाळूवरून खाली उतरते. वरचा जबडा रुंदीला वाढतो तेव्हा आतून जिभेचा आधार आणि बाहेरून गालांचा दाब यांचा तोल असतो. जीभ खाली गेली की गालांचा दाब तेवढा उरतो. टाळू अरुंद आणि उंच होतो, वरच्या दातांची कमान गोलाकार राहण्याऐवजी पुढे टोकदार होते, आणि मागच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला मिटू लागतात. त्याला डेंटिस्ट क्रॉसबाइट म्हणतात. खालचा जबडा सतत लोंबता राहिल्याने त्याची वाढ पुढे होण्याऐवजी खाली आणि मागे वळते. चेहरा लांबट दिसतो, हनुवटी मागे राहते, वरचा ओठ आखूड वाटतो, हसताना हिरड्या जास्त दिसतात.

टाळू हा नाकाचा तळही असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो अरुंद आणि उंच झाला की वरची नाकाची पोकळीही अरुंद होते. म्हणजे चोंदलेल्या नाकाने जबडा अरुंद केला, आणि त्या जबड्याने नाक आणखी अरुंद केलं. हे चक्र सुरू झालं की नुसती गाठ आकसून भागत नाही. ‘वय वाढलं की जाईल’ हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य म्हणूनच अर्धं खरं आहे. गाठ जाते, पण तोवर झालेली हाडाची वाढ मागे फिरत नाही.

या विषयाचा पाया स्वीडनमधल्या स्टेन लिंडर-आरोनसन यांच्या 1970 मधल्या अ‍ॅडेनॉइडच्या अभ्यासाने घातला. अ‍ॅडेनॉइड काढल्यावर तोंड मिटून श्वास घेऊ लागलेल्या मुलांचा खालचा जबडा पुढच्या वर्षांत अधिक पुढच्या दिशेने वाढल्याचं त्यांच्या पुढच्या अभ्यासांत दिसलं, मात्र मुलामुलांत फरक बराच होता. एगिल हार्वोल्ड यांनी माकडांची नाकं बंद करून केलेल्या प्रयोगांतही चेहऱ्याची आणि दातांची ठेवण बदलली, आणि तीही प्रत्येक माकडात वेगळ्या तऱ्हेने. त्यामुळे ‘तोंडाने श्वास म्हणजे लांब चेहरा’ असं सरळ समीकरण कुणी मांडलं तर सावध व्हावं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-बाबांचीच हनुवटी मागे असेल तर मुलाची मागे असण्यात नवल नाही, आणि ती कुठलाही ट्रेनर पुढे आणणार नाही.

आता खरेदीआधीची तपासणी. एकही रुपया न घालवता घरी एवढं करून पाहा.

मूल शांत बसलेलं असताना, टीव्ही बघताना, त्याला न सांगता ओठ पाहा. विश्रांतीत ओठ उघडे असतील तर ते नोंदवा. मग ‘ओठ मीट’ म्हणून सांगा आणि हनुवटीकडे बघा. हनुवटीवर सुरकुत्या आणि खळ्या पडल्या तर ओठ मिटायला स्नायूंना जोर लावावा लागतोय. त्यानंतर मोबाइलचा टॉर्च लावून, मान मागे करून टाळू पाहा. तो पसरट घुमटासारखा आहे की मध्ये खोल, अरुंद घळ आहे? मग दाढा मिटायला सांगून गाल बोटाने बाजूला करा. वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेरच्या बाजूने यायला हव्यात. एका बाजूला जरी त्या आत असतील तर ट्रेनरचा विचार सोडा आणि ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात आणि जबडे जागेवर आणणाऱ्या डेंटिस्टकडे, जा.

नाकासाठी स्टीलची गार ताटली वापरा. मुलाला ओठ मिटायला सांगून ताटली नाकपुड्यांच्या अगदी खाली आडवी धरा. उच्छ्वासाच्या वाफेचे दोन ठिपके उमटतात. दोन्ही सारख्या आकाराचे आले तर दोन्ही बाजू चालू आहेत. एक ठिपका इवलासा किंवा गायब असेल तर ती बाजू बंद आहे. सर्दी नसलेल्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा पाहा, कारण निरोगी नाकातही बाजू आलटून पालटून थोड्या चोंदतात. शेवटी एक घोट पाणी तोंडात धरून ओठ मिटून बसायला सांगा आणि घड्याळ लावा. दोन-तीन मिनिटं आरामात बसणारं मूल नाकाने श्वास घेऊ शकतं, त्याला फक्त तोंड उघडं टाकायची सवय लागली आहे. अर्ध्या मिनिटात कासावीस होऊन पाणी गिळणाऱ्या मुलाचं नाक बंद आहे. ट्रेनर कुणाला चालेल आणि कुणाला नाही, याची पहिली चाळणी इथेच होते.

रात्रीसाठी व्हिडिओ घ्या. पांघरूण काढून, शर्टाची बटणं सोडून, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा, आवाजासकट, दोन-तीन मिनिटांचा. पहाटेकडची वेळ निवडा, त्या वेळी स्वप्नांची झोप जास्त असते आणि अडथळा जास्त उघडा पडतो. श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर जातंय का, आवाज मध्येच थांबून काही सेकंदांनी धापेसह पुन्हा सुरू होतोय का, मान मागे ताणलेली आहे का, डोकं घामाने भिजतंय का, हे पाहायचं. सर्दी नसताना आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं होत असेल तर ते नेहमीचं घोरणं समजतात, आणि ते तपासायलाच हवं. ‘दिवसभर खेळून दमलाय, गाढ झोपलाय’ म्हणून सोडून देऊ नका. अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं, शाळेत लक्ष न लागणं किंवा उलट अति चळवळेपणा ही लक्षणं याच साखळीतली असू शकतात.

हा व्हिडिओ घेऊन पहिली फेरी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे. जबड्याचं काम त्यानंतर. आधी ट्रेनर आणि मग नाक म्हणजे आधी कळस मग पाया.

नाकाच्या उपचारांत सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत दुर्लक्षित राहते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घोरणाऱ्या मुलांना सहा आठवडे रोज नाकात स्टेरॉइडचा स्प्रे किंवा नुसता सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा, स्प्रे दिला. दोन्ही गटांत साधारण चाळीस टक्क्यांच्या वर मुलांची लक्षणं गेली, आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. डॉक्टरांनी घाईची गरज नाही असं सांगितलं असेल तर सहा आठवडे रोज सलाइन मारून पाहणं हा सुरुवातीचा रास्त मार्ग आहे. तयार स्प्रे घ्यावा. घरी करायचंच असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून, आणि ते पाणी त्याच दिवशी संपवायचं. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही नाही.

स्टेरॉइडचा स्प्रे लिहून दिला असेल तर मारायची पद्धत महत्त्वाची. मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, आणि नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता त्या बाजूच्या कानाच्या दिशेला. सरळ वर मारला तर औषध पडद्यावर बसतं, घोळणा फुटतो आणि घरचे दोन दिवसांत स्प्रे बंद करतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले नाक मोकळं करणारे ड्रॉप ही वेगळी गोष्ट. पहिल्या रात्री चमत्कार वाटतो, पण पाच दिवसांच्या पुढे चालवले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की तुटलेल्या फडांत पाचट पेटतं आणि संध्याकाळी धूर खाली बसतो. मार्केट यार्डाजवळ हळदीची धूळ असते. ज्या मुलाचं घोरणं या महिन्यांत वाढतं आणि पावसाळ्यात कमी होतं, त्याच्या बाबतीत अ‍ॅलर्जीचा संशय आधी घ्यावा. तारीखवार दोन ओळींची नोंद ठेवली तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

गाठी मोठ्या असतील आणि झोपेत श्वास अडत असेल तर ऑपरेशनचा विषय निघतो. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर झालेली, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे उपयोगी आहे. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढलेल्या गटात सात महिन्यांनी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटातही 46 टक्क्यांची आली. म्हणजे ऑपरेशनचा फायदा खरा आहे, आणि सौम्य त्रासात थांबून पाहणंही वेडेपणाचं नाही. यातला निर्णय व्हिडिओ, तपासणी आणि मुलाचं वय बघून डॉक्टरांनी घ्यायचा आहे, दुकानदाराने नाही.

आता ट्रेनरकडे येऊ. नाक मोकळं आहे, पाण्याचा घोट तीन मिनिटं धरता येतो, क्रॉसबाइट नाही, तरी तोंड उघडंच राहतं आणि जीभ खाली असते. अशा सहा ते दहा वर्षांच्या मुलासाठी ही वस्तू आहे. हातात घेऊन नीट पाहा. आतल्या बाजूला, वरच्या पुढच्या दातांच्या मागे येईल असा एक छोटा उंचवटा असतो. जिभेच्या टोकाने तो शोधायचा असतो, म्हणजे जीभ आपोआप टाळूच्या योग्य जागी बसते. खालच्या बाजूला बाहेरून, ओठाच्या आत येणारे बारीक फुगवटे असतात, ते हनुवटीच्या स्नायूला जोर लावू देत नाहीत. काही नमुन्यांत समोर हवेची भोकं असतात. ज्या मुलाला ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायला शिकवायचं आहे, त्याच्यासाठी मोठ्या भोकांचा नमुना उलटा पडतो.

माप वयावर घेऊ नये. पाकिटावर वयोगट छापलेला असतो, पण आठ वर्षांच्या दोन मुलांचे जबडे सारखे नसतात. ट्रेनर घालून मूल दात मिटतं तेव्हा शेवटच्या दाढेच्या मागे तो टोचता कामा नये आणि पुढचे दात खाचेच्या भिंतीवर चढता कामा नयेत. वरच्या ओठाच्या आत मधोमध जी बारीक पट्टी असते, तिथे कडा घासत असेल तर दोन दिवसांत जखम होते. डेंटिस्टकडे ती कडा कापून घासून मिळते, ऑनलाइन घेतलेल्या ट्रेनरला ही सोय नाही. दर्जेदार ट्रेनर आणि ऑनलाइन नक्कल यांतला मोठा फरक सिलिकॉनपेक्षा या मापात आणि दर सहा-आठ आठवड्यांच्या तपासणीत आहे.

वापर दिवसा एक तास जागेपणी आणि रात्रभर. जागेपणीचा तास सोडून फक्त रात्री घालणाऱ्यांना काही मिळत नाही, कारण सवय जागेपणीच बदलते. पहिले काही दिवस दिवसाच सुरुवात करा, दहा मिनिटांपासून. त्या तासात बोलणं नाही, चघळणं नाही, ओठ मिटलेले. रात्री तो तोंडातून पडणार, पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांचाच पडतो. महिन्यानंतरही रोज उशीवर सापडत असेल तर मुलावर रागावू नका. झोपेत हवा अपुरी पडल्यावर मूल तो थुंकून टाकतं. नाक पुन्हा तपासा. जबरदस्तीने घालायला लावणं ही इथली सर्वांत धोक्याची चूक आहे. सर्दी असलेल्या रात्री सुट्टी.

सोबत व्यायाम हवेत. जीभ पूर्ण टाळूला चिकटवून ‘टॉक’ असा आवाज काढणं, दहा वेळा. जीभ टाळूला शोषून धरून तोंड उघडणं आणि पाच सेकंद थांबणं, दहा वेळा. मोठं सपाट बटण मजबूत दोऱ्यात ओवून ते ओठ आणि दात यांच्यामध्ये धरायचं, दोरा समोर हळू ओढायचा आणि ओठांनी बटण सुटू द्यायचं नाही. हे शेवटचं मोठ्या माणसाने समोर बसूनच करून घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं पुरतात. व्यायामांवरचे अभ्यास मुलांमध्ये आशादायक आहेत, पण छोटे आहेत.

धुवायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश. उकळत्या पाण्यात टाकला तर आकार बिघडू शकतो. हळदीच्या जेवणानंतर दात न घासता घातला की चार दिवसांत पिवळा होतो. तो डाग निरुपद्रवी असतो, पण खाचेत राहिलेलं अन्न दात किडवतं. डबी भोकांची असावी. चावून भोक पडलं किंवा तुकडा निघाला तर त्याच दिवशी फेकून द्यायचा.

वर्षभर नीट वापरल्यावर काय मिळतं? ओठ मिटायला लागतात, जीभ जागेवर राहते, पुढे आलेले वरचे दात थोडे आत जातात आणि खालचे किंचित पुढे झुकतात. हा बदल मुख्यतः दातांच्या झुकण्याचा असतो, जबड्याच्या हाडाचा भाग त्यात लहान. ज्याचे खालचे दात आधीच पुढे आहेत त्याला म्हणूनच नुकसान होऊ शकतं. आमच्या दृष्टीने डेंटिस्टने मापून, तपासण्यांसकट दिलेला ट्रेनर योग्य मुलासाठी पैसे वसूल आहे. मोबाइलवरून मागवलेला नाही.

त्याच जाहिरातींत दिसणाऱ्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. तोंडाला लावायची चिकटपट्टी मुलांना अजिबात लावू नका. नाक बंद झालं किंवा उलटी आली तर मार्गच उरत नाही. हनुवटीचा पट्टा खालचा जबडा मागे दाबतो, म्हणजे नको तेच करतो. नाकातली चुंबकाची रिंग निरुपयोगी, आणि लहान मुलाच्या घशात जाईल एवढी छोटी.

टाळू खरोखर अरुंद असेल तर काम टाळू रुंद करणाऱ्या स्क्रूच्या एक्स्पांडरचं आहे, आणि इथे परिणाम डोळ्यांना दिसतो. वरच्या दाढांना कड्यांनी घट्ट बसवलेली धातूची चौकट, मध्ये किल्लीने फिरवून ती रुंद करायचा स्क्रू. टाळूच्या मधोमध वरच्या जबड्याच्या दोन भागांचा सांधा असतो, वयात येईपर्यंत तो उघडता येतो. म्हणून सात-आठ वर्षांपासून मोठी वाढ सुरू होण्याआधीचा काळ सर्वांत सोपा. पंधरा-सोळाच्या पुढे तो सांधा जुळत जातो आणि तेच काम हाडात पिना घालून किंवा शस्त्रक्रियेने करावं लागतं.

किल्ली फिरवायचं काम पालकांचं असतं. मुलाला मांडीवर डोकं ठेवून झोपवा, टॉर्च कपाळावर किंवा दुसऱ्याच्या हातात. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळा, म्हणजे हातातून सुटली तरी घशात जाणार नाही. स्क्रूचं पुढचं भोक शोधा, किल्ली पूर्ण आत घाला, आणि घशाच्या दिशेने ढकला, नवं भोक पूर्ण समोर दिसेपर्यंत. इथेच बहुतेक चुका होतात. नवं भोक अर्धवट दिसत असताना किल्ली काढली तर पुढच्या वेळी ती बसत नाही, आणि किल्ली वर उचलून काढली तर फिरवलेला स्क्रू मागे येतो. किल्ली मागच्या बाजूलाच, हलक्या हाताने बाहेर काढायची. एक फिरकी म्हणजे बऱ्याच स्क्रूंमध्ये पाव मिलिमीटर. रोज दोन म्हणजे अर्धा, चौदा दिवसांत सात मिलिमीटर. प्रत्येक फिरकी तारखेनिशी कागदावर लिहा. फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी, कपाळावर पाच-दहा मिनिटं दाब जाणवतो, तो ठीक. तास-दोन तास दुखत राहिलं तर पुढची फिरकी थांबवून डॉक्टरांना फोन.

आठ-दहा दिवसांत वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. पालक हमखास घाबरतात, पण सांधा उघडल्याची ती खूण आहे. पुढच्या महिन्यांत फट बरीचशी आपोआप मिटते. स्क्रू थांबवला की चौकट काढायची नाही. उघडलेल्या जागेत हाड भरायला तीन ते सहा महिने ती तशीच राहायला हवी. दात सरळ दिसले म्हणून लवकर काढून घेतली तर कमावलेलं परत जातं.

खाण्याबाबत सांगलीची मुलं विशेष अडचणीत येतात. दाताने ऊस सोलला की दाढेवरचं कडं सुटतं. भडंगातले चुरमुरे आणि शेंगदाण्याचे कण स्क्रूभोवती अडकतात, तासगावचे बेदाणे कड्याखाली चिकटून बसतात. चिक्की बंद. रोज रात्री पाण्याची सिरिंज स्क्रूवर मारून सगळं बाहेर काढायचं, नाहीतर टाळूची कातडी सुजते. कडं सैल वाटलं, चौकट एका बाजूला हलली, तर किल्ली फिरवू नका.

घोरण्यावर एक्स्पांडरचा परिणाम काही मुलांत चांगला होतो. 2004 मधल्या एका इटालियन अभ्यासात अरुंद वरचा जबडा असलेल्या आणि गाठी मोठ्या नसलेल्या 31 मुलांचं झोपेतलं श्वास अडणं जवळपास थांबलं होतं. मुलं मोजकी, तुलनेचा गट नाही, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलं आहे की जबडा अरुंद नसताना केवळ पुढे त्रास होऊ नये म्हणून तो रुंद करू नये. टाळू ठीक असलेल्या मुलाला कुणी ‘श्वासासाठी’ एक्स्पांडर सुचवला तर दुसरं मत घ्या.

खालचा जबडा मागे असेल तर त्याला तो पुढे आणणारी ट्विन ब्लॉकसारखी प्लेट असते, साधारण दहा ते तेराच्या वयात, वाढीच्या जोरावर. तो वेगळा विषय.

झोपेच्या तपासणीबाबत एकच सल्ला. घरी आणून लावायची मशीनं मोठ्या माणसांसाठी आहेत, मुलांमध्ये ती नॉर्मल आली म्हणून श्वास अडत नाही असं म्हणता येत नाही. नुसत्या बोटावरच्या ऑक्सिजन मीटरचंही तसंच. आणि रिपोर्ट मुलांच्या निकषांवर वाचलेला आहे का ते विचारा. मोठ्यांमध्ये तासाला पाचपर्यंत श्वास अडणं नॉर्मल धरतात, मुलांमध्ये एकच्या वर गेलं की ते असामान्य, आणि दहाच्या वर गंभीर.

सेवेसाठी आपल्याकडे पर्याय आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडच्या बाजूच्या लोकांना तिथलं कृष्णा संस्थेचं दंत महाविद्यालय जवळ पडतं. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत खर्च साधारणपणे खासगीपेक्षा कमी येतो, हेलपाटे मात्र जास्त. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. म्हणून सुरुवातीलाच विचारा: उपचार करणारे डॉक्टर कितव्या वर्षाला आहेत, आणि ते बाहेर पडल्यावर फाइल कुणाकडे जाईल? मुलाची दोन-तीन वर्षांची वाढ पाहायची असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पैसे भरण्याआधी नोंदी मागून घ्या: दोन्ही जबड्यांचे साचे किंवा स्कॅन, समोरून आणि बाजूने चेहऱ्याचे फोटो, आणि बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे. या एकाच एक्स-रेवर अ‍ॅडेनॉइडची सावली आणि जबड्याच्या वाढीची दिशा दोन्ही दिसतात, म्हणून त्याची प्रत कान-नाक-घसा डॉक्टरांनाही दाखवा. टाळूची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, वरच्या पहिल्या कायम दाढांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर. साधारण 36 ते 39 मिलिमीटर असेल तर कायम दातांना जागा पुरते, 31 च्या खाली असेल तर अरुंद. उपचारानंतर सहा महिन्यांनी तेच अंतर, त्याच जागेवरून पुन्हा मोजायला सांगा. आणि ऑपरेशन होवो, स्प्रे असो की ट्रेनर, तीन महिन्यांनी रात्रीचा व्हिडिओ त्याच पद्धतीने पुन्हा काढा. घोरणं उरलेलं दिसलं तर तो घेऊन परत कान-नाक-घसा डॉक्टरांकडेच.